त्रेचाळीस इंचांचा तोरा

याला उंची विचारा, तो तिरकी सांगेल. डाव्या कोपऱ्याच्या तळापासून उजव्या कोपऱ्याच्या टोकापर्यंत टेप धरायची आणि छाती पुढे काढून म्हणायचं, त्रेचाळीस! सरळ मोजलात तर पडदा साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच भरतो. पण तसं मोजलेलं त्याला आवडत नाही.

खोड घराण्यातली आहे. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मग घराघरांत लाकडी शटरवाले आजोबा येऊन बसले. तेही तिरकेच मोजले जायचे, वर चौकटीआड दडलेली काचही आपल्या हिशेबात धरायचे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, चितेगावला तयार होणारे व्हिडिओकॉनचे काका त्याच वळणाचे. आजोबा-काकांना पोट मात्र सणसणीत होतं, कोपऱ्यातलं टेबल त्यांच्याखाली कण्हायचं. नातवाचं पोट पार खपाटीला गेलंय, आणि त्या बारीकपणाचा त्याला फार अभिमान.

तर या, ओळख करून देतो. हा परवडणारा टीव्ही. चांगल्या कंपनीचा, फोरके, भाव पंचवीस-तीस हजारांच्या घरात. २२ सप्टेंबर २०२५पासून बत्तीस इंचांवरच्या त्याच्या भावंडांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, म्हणजे मूळ किंमत वीस हजार धरली तर दोन हजार रुपये वाचले. तो आल्यापासून घरात कुणी त्याला महाग म्हटलेलं नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा भलत्याच. संध्याकाळी मालिका, बातम्या, रविवारी सिनेमा, क्रिकेट. आणि रात्री जेवणं झाली की मुलाचा गेम. एका पगारात दोन नोकऱ्या. या दोन नोकऱ्यांना लागणारे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत, हे समजून घेतलंत तर तुमची याची जन्मभराची मैत्री होईल.

दुकानात तो ओळखूच येत नाही. पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, नाहीतर तालुक्याच्या गावचं हप्त्यावर वस्तू देणारं दुकान असो. दिव्यांच्या लखलखाटात वीस-तीस भावंडं ओळीनं टांगलेली असतात आणि प्रत्येकाला आपणच उठून दिसायचं असतं. मग सगळेच चेहऱ्याला निळसर पावडर थापून उभे. सेटिंगमध्ये या सजण्याला स्टोअर मोड असं रीतसर नाव आहे. घरी आणून पहिल्यांदा चालू केलात की तो स्वतःच विचारतो, घर की दुकान? चुकून दुकान म्हणालात तर बिचारा वर्षभर लग्नातला मेकअप करून हॉलमध्ये बसतो, आणि घरातली माणसं डोळे चोळत राहतात.

शिवाय दुकानात तो बघतो काय? पोपट. लाल-निळे पोपट, रंगांचे संथ उडणारे थेंब, हिमशिखरं. अशा फितीवर कुणीही देखणं दिसेल. माझ्या ओळखीच्या एका आजींनी विक्रेत्याला सरळ सांगितलं, “बाळा, तुझे पोपट राहू देत. माझी मालिका लाव.” त्यानं केबल जोडली आणि गड्याचा चेहरा उतरला. नायिकेच्या शालूचा काठ पुसट, खालच्या पट्टीतली अक्षरं वितळल्यासारखी. यात त्याचा दोष थोडाच आहे. साध्या केबलवरचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाखांच्या आसपास. फोरके पडद्यावर ८३ लाख. आलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे त्याला एकोणीस ठिपके मनानं भरायचे असतात. कुणाच्या मनात इतकं असतं? त्याच वाहिनीची एचडी आवृत्ती लावली तर हिशेब एकाचे चार इतका सोपा होतो आणि गडी लगेच खुलतो. घरात मालिका पाहिल्या जात असतील तर टीव्हीबरोबर एचडीचं पॅकेजही घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्या आजींनी तेच केलं.

आता त्याच्या नजरेबद्दल. त्याच्या काचेच्या मुख्यतः दोन जाती. आयपीएस नावाची काच सगळ्यांशी सारखी वागते. बाजूनं बघा, खालून बघा, चेहरा तोच. पण अंधार तिला जमत नाही, काळ्याचा करडा करते. व्हीए नावाच्या काचेचा काळा रंग आयपीएसच्या तिप्पट-चौपट गडद असतो, मात्र ती समोर बसलेल्याचीच. बाजूच्या माणसासाठी रंग फिके पडतात, गोरीपान नायिका कावीळ झाल्यासारखी दिसते. त्यामुळे खोक्यावरचं काहीही वाचण्याआधी आपला हॉल आठवावा. सोफा समोर आणि बघणारी माणसं दोन-तीन असतील तर व्हीए. दिवाण बाजूच्या भिंतीला आणि आजी कायम दिवाणावर, तर आयपीएस. याच्या पोटात कोणती काच आहे हे मात्र तो सहजासहजी सांगत नाही. एकाच मालिकेतल्या ४३ आणि ५० इंचांच्या भावांत काच वेगळ्या जातीची निघू शकते. त्याला बाजूनं, अगदी भिंतीला खेटून उभं राहून बघावं. चेहरा पडला तर कळलं.

अंतराचंही तसंच. तिरक्या उंचीच्या दीडपटीवर बसलं की तो सर्वांत छान बोलतो. त्रेचाळीससाठी साडेपाच फूट, पंचावन्नसाठी सात फुटांना थोडं कमी. हॉल दहा फुटी असेल, सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर त्रेचाळीसचं सगळं नक्षीकाम वाया जातं आणि थोडे पैसे साठवून मोठा भाऊ आणणं शहाणपणाचं ठरतं.

अंधार ही त्याची दुखरी जागा. त्याला एलईडी म्हणतात, पण तो आहे एलसीडीच. मागे दिव्यांच्या ओळी आणि पुढे झडपा उघडणारी-मिटणारी काच. झडप कितीही घट्ट मिटली तरी मागचा दिवा जळतच असतो, थोडा उजेड झिरपतोच. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा ‘तुंबाड’ त्याला रात्री लावून बघा. तो वाड्यातला पाऊस, कंदिलाच्या वर्तुळापलीकडचा काळोख. चांगल्या काचेचा गडी इथे श्वास रोखायला लावतो. कच्च्या काचेच्या गड्याकडे काळोखाच्या जागी धुकं दिसतं, आणि धुक्याला कोण घाबरणार? मी तर म्हणेन, पेन ड्राइव्हवर अशा एखाद्या रात्रीच्या प्रसंगाचा तुकडा घेऊनच दुकानात जावं. पोपट सगळ्यांनाच जमतात.

मोठ्या घरातली नावं उसनी घ्यायची हौस त्याला आहे. एचडीआर म्हणे, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद काळोख एकाच चित्रात. तसे सिनेमे पुष्कळदा हजार निट्सच्या उजेडाचा हिशेब धरून रंगवलेले असतात, याच्या अंगात जेमतेम अडीचशे-तीनशे निट्स. सही करता आली म्हणून कुणी पंडित होत नाही. क्यूएलईडी या नावात मात्र तथ्य आहे. त्यातले क्वांटम डॉट म्हणजे इतके सूक्ष्म कण, की नुसत्या आकारावर त्यांचा रंग ठरतो. त्यांचा शोध आणि निर्मिती यांसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या कणांनी लाल खरा लाल होतो, हिरवा खरा हिरवा. काळा मात्र होता तिथेच राहतो, कारण मागचा दिवा तोच. ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो तो ओएलईडी वेगळ्या आळीत राहतो, आणि त्या आळीचं भाडं आपल्या गड्याच्या पगारात बसत नाही.

आता रात्रीची नोकरी.

एका घरी माळ्यावरून जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम निघाला. नव्वदच्या दशकातला, सोबत बदकं मारायची प्लॅस्टिकची बंदूक. बापानं मोठ्या उत्साहात पिवळी-पांढरी पिन नव्या टीव्हीला जोडली. चित्र आलं, बदकं उडाली, कुत्रा हसला. बंदूक काही चालेना. बापानं जवळून मारली, लांबून मारली. एक पीस पडलं नाही. बंदुकीत काही बिघाड नव्हता. घोडा दाबल्या दाबल्या पडद्यावर क्षणभर एक पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदूक तो टिपायची. काकांच्या काचेच्या नळीवर तो चौकोन तत्क्षणी उमटायचा. नव्या गड्याला मात्र आलेलं चित्र आधी जवळ घ्यायची सवय आहे. तो ते झटकतो, घासतो, त्यातली खरखर काढतो, कडा टोकदार करतो, रंग भरतो आणि मग बाहेर पाठवतो. तोवर बंदुकीची वेळ टळलेली असते.

मालिकेला याचा काही त्रास नाही. सासूचा कटाक्ष सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा आला तर संसार मोडत नाही. पण गेममध्ये बोट आणि डोळा यांच्यामध्ये हा गडी उभा असतो. क्रिकेटचाच गेम घ्या. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू क्रीजपासून क्रीजपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. आपल्या गड्यानं सजवण्यात शंभर मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग घालवला, तर पडद्यावर चेंडू जिथे दिसतोय त्याच्या जवळजवळ चार मीटर पुढे तो खरं तर आलेला असतो. मुलगा बटण अचूक दाबतो आणि तरी त्रिफळा उडतो. मुलगा कन्सोलवर चिडतो, बाप मुलावर. मधला गडी गप्प.

त्याला एकच सांगायचं असतं: गेम मोड. हे दोन शब्द ऐकले की तो पावडर पुसतो, घासणं-पुसणं बंद करतो, बाह्या सरसावतो. शंभरावरचा उशीर दहा-वीस मिलीसेकंदांवर येतो. साठ हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलीसेकंदांना नवं चित्र दाखवतो, म्हणजे उशीर एखाद्या चित्राइतकाच उरला. बोटाला तो कळतही नाही. ज्याला एएलएलएम येतं त्याला सांगावंही लागत नाही. कन्सोल सुरू झाला की तो आपण होऊन कामाचे कपडे चढवतो. खोक्यावरच्या साऱ्या बिरुदांत मला हे एएलएलएम सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते स्वतः काही शोभा आणत नाही, पण घरातल्या कुणाला सेटिंगच्या जंगलात शिरावं लागत नाही.

१२० हर्ट्झचं काय, असं मुलगा विचारणारच. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला तेव्हापासून हा आकडा मुलांच्या तोंडी बसलाय. कन्सोल सेकंदाला १२० चित्रं देऊ शकतो हे खरं, पण भव्य देखाव्यांचे पुष्कळ गेम तीस किंवा साठवरच चालतात. या किमतीचा गडी साठचा असतो, आणि प्रामाणिक साठ काही वाईट नाहीत. काही भावंडं १२० करून दाखवतात खरी, पण त्यासाठी पडद्यावरच्या ओळी दोन-दोन जोडून निम्म्या करतात. वेग येतो, तपशील जातो. खोक्यावर एचडीएमआय २.१ लिहिलंय म्हणून १२० आलेच असंही नाही, त्या आकड्याखालचे बरेचसे गुण ऐच्छिक आहेत. मुलगा नेमबाजीच्या गेममध्ये स्पर्धेला उतरणारा असेल तर त्याला टेबलावर ठेवायचा वेगवान मॉनिटर घ्यावा. तो फुटबॉल, क्रिकेट, गाड्या आणि गोष्टीचे गेम खेळणार असेल तर हा साठचा गडी त्याला पुरून उरेल. पैसे उरलेच तर काचेवर घालावेत.

सजवायची हीच हौस रविवारी सिनेमाच्याही मुळावर येते. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा. त्यातला हलकासा थरथराट हीच सिनेमाची चाल. याला ती अडाणी वाटते. मधल्या मोकळ्या जागांत तो मनची चित्रं भरतो आणि सगळं इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत करून टाकतो. भव्य लढाई अचानक स्टुडिओत शूट केलेल्या मालिकेसारखी दिसू लागते. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझनं दिग्दर्शक क्रिस्तोफर मॅक्वेरीला शेजारी उभं करून, कळकळीनं व्हिडिओ केला होता: घरच्या टीव्हीवरचं हे गुळगुळीत करणं बंद करा. पुढच्याच वर्षी फिल्ममेकर मोड जाहीर झाला, ज्यात टीव्ही दिग्दर्शकाच्या कामात हात घालत नाही. आपल्या गड्याकडे तो असेल तर उत्तमच. नसेल तर सिनेमा मोड लावून हालचालीची इस्त्री शून्यावर आणावी. पहिली पंधरा मिनिटं चित्र पिवळट वाटेल. मग डोळ्यांना ओल्या मातीचे आणि माणसाच्या कातडीचे रंग भेटू लागतील.

आवाज बेताचा. पोट खपाटीला गेलं तिथेच आवाजही गेला. घुमायला जागा हवी ना. स्पीकर खाली तोंड करून बसलेले, त्यामुळे तो श्रोत्यांऐवजी टेबलाशी बोलतो. बातम्यांना पुरतं. संगीत ऐकणाऱ्या घरानं एआरसी असं लिहिलेल्या भोकात एक साउंडबार जोडून द्यावा.

स्मरणशक्तीही बेताची. दीड-दोन जीबी रॅम, आठ जीबीचं कपाट आणि त्यातलं निम्मं त्याच्याच सामानानं भरलेलं. पहिल्या वर्षी तुरुतुरु चालतो. तिसऱ्या वर्षी ॲप उघडायला सांगितलं की छताकडे बघत बसतो. म्हणून त्याला हुशारीसाठी कधी निवडू नये. हुशारी दोन-चार हजारांच्या स्ट्रीमिंगच्या काडीतून मागाहून जोडता येते, काच जन्मभर तीच राहते.

आणि पाय! काका टेबलाच्या मधोमध बसायचे. हा दोन टोकांना पाय फाकून उभा राहतो. जुन्या शोकेसचा खण अरुंद असला तर एक पाय हवेत. घेण्याआधी पायांमधलं अंतर मोजा, कोपऱ्या-कोपऱ्यातलं राहू द्या.

नाजूकही फार. काकांच्या काचेवर बॅट लागली तर बॅटीचं बघावं लागायचं. याला भोवऱ्याचा एक टोला लागला की आत रंगीत रेघांचं कोळ्याचं जाळं पसरतं, आणि नव्या काचेची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीइतकी सांगतात. दसऱ्याच्या साफसफाईत त्याच्यावर फवारा मारू नका, ओलं फडकं फिरवू नका. मऊ कोरडं कापड, हलका हात. मृगाच्या पहिल्या गडगडाटाला त्याची वायर काढा आणि केबलचीही काढा. वीज पुष्कळदा त्या दुसऱ्या वाटेनं येते. सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे का, एवढं मात्र पैसे मोजण्याआधी विचारून घ्या.

इतकं सांगूनही मला हा गडी मनापासून आवडतो. त्या पोपटांना नको म्हणणाऱ्या आजींच्या घरी मी त्याला रात्री कामावर पाहिलंय. साडेनऊला मालिका संपली. आजींनी दिवाणावरूनच रिमोट पुढे केला, नातवानं कन्सोल चालू केला. क्षणभर पडदा काळा झाला आणि उजळला तेव्हा चित्रातला भडकपणा ओसरला होता.

“अरे, रंग गेले की रे त्याचे,” आजी म्हणाल्या.

“मेकअप उतरवलाय त्यानं, आजी,” नातू म्हणाला. “बघ आता.”

आजी चष्मा नीट करून बघू लागल्या. गोलंदाज धावत आला, नातवाचा अंगठा हलला, आणि अंगठ्याबरोबरच बॅट हलली.